उणे अठरा

कुह्मोच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं
मी पत्रं तोलली.
आता दारू तोलते.
बंदुकीची.
(दुसरी आउलिसच्या घरी असते, ती कुणी तोलत नाही.)

सौनाशेजारच्या खोलीत, दिव्याखाली
पितळी पुंगळ्या रांगेनं उभ्या,
चोची वर करून, पिल्लांसारख्या.
प्रत्येकीला सारखाच घास.
गुंजेच्या अंशाचा फरक नको,
काटा थरथरला की मी श्वास धरते.
जुना रोग आहे हा.
कमी तिकिटाचं एक पाकीट
माझ्या खिडकीतून कधी पुढं गेलं नाही.

जुलैत, डास मानेला झोंबत असताना,
वेगमापकावरून दहा गोळ्या झाडल्या होत्या.
सेकंदाला आठशे बारा मीटर,
कमी-जास्त चार.
वहीत दोनदा अधोरेखित केलं.
आउलिस म्हणाला, "मूस काही आकडा विचारत नाही गं."

आज नोव्हेंबर. उणे अठरा.
तोच डबा, तीच दारू, तोच हात.
दोन वाजताच उजेड निघून चाललेला,
वेगमापकाच्या डोळ्यांना गोळीची सावलीच दिसेना.
पहिल्या गोळीला त्यानं नुसती रेघ दाखवली,
दुसरीला सातशे सत्त्याऐंशी,
तिसरीला सातशे चौऱ्याऐंशी.

"चुकलीस कुठंतरी," आउलिस म्हणाला,
ओंडक्यावर बसल्या बसल्या, बूट आपटत.
टोमणा नव्हता तो.

मी चुकले नव्हते.
दारू गारठते.
पेटते, पण मनावर घ्यायला वेळ लावते.
त्यात कुणाचा हात नसतो.

हे वाक्य मनात आलं
आणि बोल्ट मागे ओढता ओढता मी थांबले.

कचेरी बंद झाली त्या आठवड्यात
दोन सुतारांनी छाननीचं कपाट भिंतीपासून सुटं केलं.
मागे कोळ्यांची जाळी, एक रबरबँड,
आणि उभं राहिलेलं एक निळं पाकीट.
इर्याचं अक्षर. औलूच्या इस्पितळातून, आउलिसला.
शिक्का मार्चचा.
ती एप्रिलमध्ये गेली,
नऊ वर्षांपूर्वीच्या.
वजन बरोबर. तिकीट बरोबर.

सुटलेली गोळी आणि बोललेला शब्द
माघारी येत नाही म्हणतात. खरंच आहे.
पण टाकलेलं पत्र
लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये
दोन बोटांच्या जागेत राहू शकतं,
वेग शून्य,
कमी-जास्त काही नाही.

त्याच दिवशी चालत जाऊन मी ते त्याच्या हातात दिलं.
सांगायचं ते पाठ करून गेले होते,
त्यातलं अर्धंच बोलता आलं.
त्यानं पत्ता वाचला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता,
पाकीट आतल्या खिशात घातलं
आणि मला कॉफी विचारली.
उघडलं की नाही, मला माहीत नाही.
कोट मात्र तोच आहे, आजही.

चौथी गोळी.
आवाज तळ्यापलीकडं जाऊन परत आला,
मग सावकाश,
उशिरा आठवल्यासारखा,
स्प्रूसच्या फांदीवरचा बर्फ खाली पडला.

आउलिसनं आकडा बघितला,
पेन्सिल जिभेला लावून वहीत मांडला:
सातशे शहाऐंशी.
दुर्बीण डोळ्याला लावून तीनशे मीटरवरचा कागद
तो बराच वेळ शोधत राहिला.
"पण पोचते ना?"

"पोचते," मी म्हणाले. "दोन बोटं खाली."

त्यानं कोटाच्या आत हात घातला.
पेन्सिल ठेवायलाच असेल.
"मग थंडीत दोन बोटं वर धर," म्हणाला
आणि टोपीचे कान खाली ओढून
रिकाम्या पुंगळ्या बर्फातून वेचू लागला,
एकेक, बोटांनी चाचपून,
अजून कोमट होती ती शेवटची.